जबडा दुखतोय? निदान या चुका तरी टाळा

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड हळूच उघडा आणि मिटा. बोटाखाली जे सरकतं, ते जबड्याच्या सांध्याचं टोक. हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा जागच्या जागी फिरून थांबत नाही. तोंड जास्त उघडलं की खालच्या जबड्याचं डोकं खोबणीतून पुढे घसरतं आणि मधली चिवट चकतीही त्याच्यासोबत जाते. असा दुहेरी कामाचा सांधा कुरकुरायला लागला की माणसं कधी कानाच्या डॉक्टरकडे जातात, कधी डोकेदुखीच्या गोळ्या खातात, कधी दात काढून घेतात. माझ्या खुर्चीत बसेपर्यंत दोन-तीन चुका करून झालेल्या असतात. २२ वर्षं त्याच त्या चुका बघून कंटाळलो, म्हणून लिहून काढतोय.

दुखतंय गालात, उपचार दाढेवर

या चुकीवर माझा खास राग आहे, कारण ती रुग्ण एकटा करत नाही, आम्ही दातांचे डॉक्टर त्याला हातभार लावतो.

काही वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये शाळेतल्या एक बाई आल्या. हातात एक्स-रेंची पिशवी. डावीकडची खालची दाढ ठणकते म्हणून एका ठिकाणी रूट कॅनल झालेलं. महिनाभरानं ठणका परत, म्हणून शेजारच्या दाढेचंही झालं. तरी थांबेना, तेव्हा बाईच वैतागून म्हणाल्या, ‘काढूनच टाका एकदाची.’ काढली. दाढ गेली, ठणका राहिला. ‘डॉक्टर, जी दाढ नाहीच आहे ती दुखतेय,’ हे सांगताना त्यांना स्वतःलाच ओशाळल्यासारखं होत होतं.

मी तोंडात बघण्याआधी गालावर बोट ठेवलं. दात आवळले की गालात टणक गोळा वर येतो, तो चावण्याचा स्नायू, मॅसेटर. त्याच्या एका जागी दाबलं मात्र, बाई ओरडल्या, ‘हीच! हीच ती दाढ!’ या स्नायूचं दुखणं दाढांमध्ये जाणवतं आणि कानशिलावरच्या स्नायूचं वरच्या दातांत. मागाहून कळलं, उत्तरपत्रिका तपासताना बाई तासन्‌तास दात आवळून बसायच्या. दाढ काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

सुरुवातीच्या काळात असं एक रूट कॅनल मीही केलंय, त्यामुळे फार शहाणपणा सांगत नाही. तेव्हापासूनची सवय मात्र सांगतो. दाढेला कीड नाही, तडा नाही, ठोकल्यावर कळ नाही, गार लावलं तरी शेजारच्या दातांसारखीच वागते, तर मी ड्रिल उचलत नाही. शंका उरली तर ती दाढ इंजेक्शननं बधिर करून बघतो. दाढ बधिर आणि दुखणं जिथल्या तिथे, म्हणजे मूळ दुसरीकडे. तुम्हीही सरळ विचारा, ‘याच दाढेमुळे दुखतंय हे कशावरून?’ या प्रश्नावर चिडणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

याच्याच भावकीतली चूक म्हणजे ‘चावा जुळत नाही, जरा दात घासून देतो’ याला होकार देणं. घासलेला दात परत उगवत नाही. सांध्याच्या दुखण्यात आधी असेच उपाय करावेत, जे नको वाटले तर थांबवता येतात.

आवाज काढून बघणं

तोंड उघडताना कानाजवळ ‘कट्ट’ होतं आणि माणूस घाबरतो. मधली चकती थोडी पुढे सरकलेली असते. जबड्याचं डोकं उडी मारून तिच्यावर चढतं, त्याचा हा आवाज. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर त्याला उपचार लागत नाही. असा आवाज कितीतरी लोकांचा येतो, माझाही येतो.

गडबड होते ती पुढे. इंजिनिअरिंगचा एक मुलगा, आवाज अजून आहे का हे बघायला दिवसातून पन्नासदा जबडा वाकडा करून कट्ट-कट्ट करायचा. मित्रांना ऐकवायचा. एके सकाळी उठला तर आवाज बंद. त्याला वाटलं, बरं झालं! नाश्त्याला पोह्यांचा चमचा तोंडात जाईना. चकती पुढेच अडकली होती. एवढं झाल्यावर तरी थांबावं, तर पठ्ठ्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून अंगठ्यांनी जबडा ताणला. दोन दिवसांत येण्याऐवजी दहा दिवसांनी सुजून आला. शेक, मऊ जेवण, हलके व्यायाम, शेवटी सुईनं सांधा धुणं, असं सगळं करून तोंड उघडायला दोन महिने गेले.

‘डॉक्टर, लवकर काही होईल असं सांगा ना,’ हे वाक्य मी रोज ऐकतो. लवकर होतं ते नुकसान.

मग करायचं काय?

‘न’ म्हणा. खरंच म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं, ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात सुटे. जबड्याची विश्रांतीची जागा ही. दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना, एरवी नाही. बहुतेकांना हे माहीतच नसतं. दात घट्ट मिटलेले असणं म्हणजेच तोंड मिटणं असं त्यांना वाटतं.

मी स्वतः काम करताना दात आवळतो. म्हणून दिव्याच्या दांड्यावर लाल टिकली चिकटवलीय. ती दिसली की ‘न’. रुग्णांनाही मोबाइलवर, आरशावर, स्कूटरच्या हँडलवर टिकल्या लावायला सांगतो. हसतात आणि तीन दिवसांनी काढून टाकतात. निदान सहा आठवडे ठेवा. सोबत ओल्या गरम फडक्यानं दिवसातून दोनदा १५ मिनिटं शेक, आणि काही दिवस खिचडी, दूधभात, आमटीत कुस्करलेली भाकरी. कणीस, ऊस, चिक्की नंतर. च्युइंगम तर कायमचंच सोडा. ‘जबड्याचा व्यायाम होतो’ हे कुणी पसरवलं कोण जाणे.

बाकीच्या, थोडक्यात

ऑनलाइन मिळणारं, झोपताना दातांवर बसवायचं मऊ गार्ड: काही जण ते रात्रभर चघळतात आणि सकाळी जास्त दुखतं. लागलंच तर माप घेऊन केलेली कडक प्लेट, सगळे दात झाकणारी, आणि फक्त रात्री.

फोन खांद्यात धरून बोलणं, हनुवटी तळव्यावर टेकून बसणं, पालथं झोपणं. एवढं वाचून बऱ्याच जणांनी आत्ताच हात खाली घेतला असेल.

जांभईत जबडा निखळून तोंड मिटेनासं झालं तर घरच्यांनी बुक्क्या मारू नयेत. डॉक्टर अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली आणि मागे ढकलतात. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासूनची युक्ती आहे, पण जबडा खाडकन मिटतो आणि अंगठा दातांखाली सापडतो. एकदा निखळला असेल तर पुढे जांभई हनुवटीखाली मूठ धरूनच.

तोंड कमी उघडतं म्हणजे सांधाच बिघडला, असं धरून चालू नका. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये मावतात का बघा. मावत नसतील, तिखट झोंबत असेल आणि खिशात सुपारीची नाहीतर गुटख्याची पुडी असेल, तर बहुधा गालाच्या आतलं अस्तर कडक होतंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्याकडे असे रुग्ण अजून येतात. या अस्तराचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. तिथे शेक-मालिश करत वेळ घालवू नका.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, छाती भरून येते, घाम फुटतो: हृदय तपासा, ताबडतोब. पन्नाशीपुढे कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, चावताना जबडा दमणं, नजर अंधुक होणं: त्याच दिवशी फिजिशियन गाठा, उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. हनुवटीवर पडल्यानंतर चावा बदलला, ओठ बधिर झाला, ताप आणि सूज आली किंवा जखमेनंतर दातखीळ बसायला लागली, तर माझ्या टिकल्या बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटलात जा.