साडी आणि सोफा एकत्र मांडताय? या चुका टाळा

विणकर आणि फर्निचरवाले मिळून शोरूममध्ये प्रदर्शन भरवतात, ही कल्पना झकास. पण रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत मांडणीला जिथे जिथे गेलो, तिथे त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय.

माझा सगळ्यात जास्त राग ताज्या पॉलिशवर रेशीम ठेवण्यावर. सुताराला तारीख उशिरा कळते, त्यामुळे तो आदल्या रात्रीपर्यंत पॉलिशचे हात देत असतो. पीयू किंवा मेलामाइनचं पॉलिश काही तासांत बोटाला कोरडं लागतं, पण आतून कच्चंच असतं. एका शोरूममध्ये सागवानी कन्सोलवर (भिंतीलगतच्या अरुंद टेबलावर) हातमागाची पैठणी घडी करून ठेवली आणि वर शोभेला चांगली वजनदार पितळी समई. मी म्हटलं, आठवडाभर थांबा. मालकाचा मुलगा म्हणाला, "काका, लागत नाही हो, हात लावून बघा." सकाळी साडी उचलली तर पदर पॉलिशला धरून बसलेला. सोडवताना रेशमाचे धागे निघाले आणि कन्सोलवर विणीचा स्वच्छ ठसा उमटला. साडी गेली, कन्सोलही गेलं. भरपाई कोणी द्यायची यावर शोरूमवाला आणि सुतार भांडले. विणकर मात्र बिचारा गप्प!

मी काय करतो? त्याच लाकडावर मलमलीची चिंधी, तिच्यावर वीट, आणि रात्रभर तसंच. सकाळी वळ उठला किंवा नाकाला वास आला, तर रेशीम तिथे ठेवायचं नाही. चिंधी पास झाली तरी लाकूड आणि रेशीम यांच्यात खळ काढलेली, धुतलेली मलमल हवीच. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबून केलेल्या फळीच्या, उघड्या कडांपाशीही रेशीम ठेवायचं नाही, कारण त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो.

दुसरी चूक म्हणजे समुद्राकडची काच. "व्ह्यू आहे ना" म्हणत जरीकाठी साडी पश्चिमेच्या उन्हात टांगतात. संग्रहालयं नाजूक कापडाला साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड देतात, थेट ऊन लाखाच्या घरात जातं. उडालेला रंग परत येत नाही. पडदा लावा, नाहीतर त्या काचेपाशी खुर्च्या ठेवा. साडी आतल्या भिंतीला.

एसी दिवसभर लावून रात्री बंद करण्याची हौसही आवरा. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार पडलेल्या वस्तूंवर ओल धरते. लाकूडही ओलं-सुकं होत फुगतं, आक्रसतं, मग ड्रॉवर अडकतात. त्यापेक्षा पंखा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) सतत चालू ठेवलेले बरे. पुण्याहून आलेलं भरीव लाकडाचं फर्निचर आधी इथल्या हवेत राहू द्या. एवढा धीर नसेल तर प्रदर्शन डिसेंबरात घ्या.

बाकीच्या लहान गोष्टी. लोखंडी टाचण्या आणि स्टेपल खाऱ्या हवेत गंजतात, डाग कापडावर पडतो. सागाला ओल आणि लोखंड एकत्र लागलं की काळं पडतं. रबरबँडमधल्या गंधकाने चांदीची जर काळवंडते. साडी क्लिपने टांगू नका. मागे सुती पट्टीचा नेफा शिवून त्यातून दांडी घाला, म्हणजे वजन सारखं वाटलं जातं. खुर्चीवर साडी टाकलीत तर कोणीतरी तिच्यावर बसणारच, लहान मूल आइस्क्रीमसकट.

आणि माल उतरवतानाच प्रत्येक कापडाचे, प्रत्येक फर्निचरचे फोटो काढून, आधीचे डाग-ओरखडे लिहून माल देणारा आणि शोरूमवाला अशा दोघांच्या सह्या घ्या. चहा त्यानंतर.