पणजीत स्वीडिश मसाज: निघण्याआधीची तयारी

पहिलं काम फोनचं, आणि ते कोल्हापूर सोडण्याआधीच उरकायचं. स्वतः गाडी चालवत आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी येईपर्यंत खांदे दगड झालेले असतात, आणि पणजीत शिरल्यावर माणूस समोर दिसेल त्या पाटीखाली गाडी लावतो. आम्ही तसंच केलं होतं, म्हणून सांगते. आता मी आठवडाभर आधी दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवते. मिरामार-दोना पावला भागातल्या मोठ्या हॉटेलांत स्पा असतो. मुक्काम तिथे नसेल तरी घेतात का, हे विचारायचं. शहरात लहान ठिकाणंही आहेत आणि लहान म्हणजे वाईट असं मुळीच नाही.

फोनवर काय विचाराल? साठ मिनिटं म्हणजे अंगावर हात साठ मिनिटं, की पाय धुणं आणि कपडे बदलणं धरून? सांगितलेला दर करासकट आहे का? मसाज करणार बाई की पुरुष, आणि आपल्याला हवं ते निवडता येतं का? त्यांचं प्रशिक्षण झालंय का? तेल कुठलं वापरता? शेवटी माझा आवडता प्रश्न: तुमच्याकडे स्वीडिश आणि डीप टिश्यू (म्हणजे खोलवर दाब देणारा मसाज) यांत फरक काय? एकदा उत्तर आलं, ‘डीप टिश्यू पाचशेनं जास्त.’ मी फोन ठेवला. याउलट एका ठिकाणी पलीकडच्या बाईंनी मलाच विचारलं, ‘तुम्हाला कशासाठी हवंय? पाठ दुखते, की नुसता आराम?’ तिथे मी आता तिसऱ्यांदा जाणार आहे. जे आपल्याला प्रश्न विचारतात त्यांच्याकडेच जायचं, हा माझा एकमेव निकष.

आपण काय मागतोय हे आपल्यालाही ठाऊक हवं. मालीश आपल्याला नवं नाही. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग आहे, बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावशी आहेत. पण अभ्यंगात कोमट तेल भरपूर, आणि ते अंगात जिरवायचं असतं. स्वीडिशमध्ये तेल किंवा लोशन हात सरकण्यापुरतंच. त्यात हाताच्या पाच चाली: लांबवर सरकणारा तळहात, कणीक तिंबल्यासारखं मळणं, बोटांनी किंवा अंगठ्यानं गोल रगडणं, हाताच्या कडेनं थापट्या, आणि थरथरवणं. हातापायांवरचा लांब हात सहसा हृदयाच्या दिशेनं येतो. दाब हलका ते मध्यम. या चालींची नावं मात्र फ्रेंच! ‘स्वीडिश’ हे नाव पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामशिक्षकांमुळे चिकटलं. त्यांनी १८१३मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली होती. या पाच चाली एकत्र बसवण्याचं श्रेय मात्र योहान मेत्सगर या डच डॉक्टरांना देतात. खुद्द स्वीडनमध्ये याला नुसतं ‘क्लासिक मसाज’ म्हणतात. थोडक्यात, आराम हवा असेल तर स्वीडिश मागा. एखादी गाठ धरून बसली असेल आणि ती सोडवून हवी असेल, तर ते काम वेगळं.

तब्येतीचा भाग आधी स्वतःशी आणि मग काउंटरवर मोकळेपणानं बोलायचा. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम असेल तर बेत पुढे ढकला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नुकतंच ऑपरेशन, हाड मोडलेलं, गरोदरपण, हृदयविकार, कॅन्सरचे उपचार यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील तर तेही सांगा, कारण दाब जास्त झालेला तुम्हाला कळणारच नाही. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून आलात आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर ती कुणालाही चोळू देऊ नका. रक्ताची गुठळी असू शकते. स्पाच्या आधी दवाखाना गाठा. बदाम किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेलाची बाटली स्वतः वाचून बघा.

आता समुद्र. गोव्याला जाऊन पाण्यात उतरणार नाही असं कोण म्हणतं? पण क्रम चुकला की सगळं बिघडतं. गेल्या खेपेला आम्ही सकाळभर किनाऱ्यावर होतो आणि दुपारी मी मसाजला गेले. खांदे भाजलेले होते, पण आरशात बघायचं सुचलंच नाही. पहिला तळहात पाठीवर आला आणि मी दात ओठ खाऊन पडून राहिले, कारण पैसे दिले होते! शिवाय कानामागे आणि मानेच्या वळीत वाळू होतीच. तेलात मिसळलेली वाळू म्हणजे पॉलिश पेपर. त्या बिचाऱ्या मुलीची काही चूक नव्हती; मीच तोंड उघडलं नव्हतं. म्हणून आधी मसाज, समुद्र दुसऱ्या दिवशी. उलट करायचंच असेल तर गोड्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करून जा, आणि कातडी लाल असेल तर सरळ तारीख बदला. वॅक्सिंग किंवा दाढी त्याच दिवशी नको, तेल झोंबतं.

बिअरचं काय, हे गोव्यात विचारावंच लागतं. मसाजच्या आधी नाही. जेवणही दोन तास आधी, तेही बेतानं. भरल्या पोटावर पालथं झोपून बघा एकदा, परत करणार नाही.

बॅगेत जास्त काही लागत नाही. तेल लागलं तरी जीव हळहळणार नाही असे सैल कपडे, गडद रंगाचे. जुनी अंतर्वस्त्रं, कारण तिथे मिळणारी कागदी चड्डी सगळ्यांना मानवत नाही. केसांना तेल नको असेल तर क्लिप आणि ‘डोकं सोडून’ असं आधीच सांगणं. लेन्स लावत असाल तर डबी. मसाजच्या टेबलाला तोंडासाठी भोक असतं, त्यात तोंड घालून तासभर पालथं पडल्यावर डोळे चुरचुरतात. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, अंगठ्या खोलीवरच ठेवून या. एसी अंगावर येत असेल तर चादर मागून घ्या.

किनाऱ्यावर, विशेषतः कळंगुट-बागाकडे, कुणी मागे लागून ‘मसाज, मसाज’ करत असेल तर थांबू नका. पर्यटनस्थळी दलाली करायला गोव्यात २००१च्या कायद्यानं बंदी आहे, आणि पाठीमागे लागून विकावा लागतो तो मसाज कसा असणार हे वेगळं सांगायला नको. ठिकाणी पोचल्यावर दरपत्रक भिंतीवर आहे का बघा, टॉवेल तुमच्यासमोर ताजे निघतात का बघा, बिल मागा. खोलीत काही नको ते सुचवलं गेलं, हात भलतीकडे गेला, तर उठायचं, कपडे घालायचे, निघायचं. भीड धरायची नाही. अंगावर चादर असणं आणि ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा असणं, ही रीत आहे.

या कामात ईशान्येकडची आणि केरळची बरीच मुलं-मुली आहेत. ‘तुम्ही नेपाळच्या का?’ असं मणिपूरच्या मुलीला विचारू नका, तिनं ते हजारदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी दाबाबद्दल बोला. ‘थोडं हलकं’, ‘इथे थांबा’, ‘डावा खांदा नको’. आपली माणसं स्पात जाऊनही सोसत पडतात, जणू दाताच्या डॉक्टरकडे आलोय. टीप द्यायची असेल तर तिच्याच हातात द्या.

संपल्यावर लगेच उभं राहू नका, चक्कर येते. विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. दोन मिनिटं कडेला बसा, पाणी प्या. पुढचा अर्धा तास तरी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

आणि वेळ ठरवताना पोचण्याचा दिवस टाळा, परतीचाही. मी दुसऱ्या दिवशीची सकाळी साडेदहाची वेळ घेते. बारापर्यंत मोकळं होता येतं, मग मासळीच्या थाळीला अजून गर्दी झालेली नसते आणि सोलकढीही संपलेली नसते.