शेतातल्या डेटा लॉगरची फ्लॅश मेमरी: लाइन गेली की नोंदी का उडतात? या चुका टाळा

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागा असोत की यवतमाळ-वाशिमकडची पऱ्हाटी, मातीतला ओलावा, तापमान आणि पाऊस नोंदवणारे छोटे डबे, म्हणजे डेटा लॉगर, आता धुऱ्यावर दिसू लागलेत. आत बहुतेक वेळा ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी प्रोसेसर चिप), ४ एमबीची फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर जपणारी मेमरी) आणि दोन-तीन सेन्सर. सेन्सर बिघडला तर आकडा विचित्र येतो, लगेच कळतं. नोंदी साठवणारी फाइल सिस्टीम, म्हणजे फ्लॅशमध्ये फाइली लावून ठेवणारी व्यवस्था, बिघडली तर कळायला महिना जातो. मग फोन येतो, "भाऊ, डबा चालू आहे, लाइट बी लुकलुकते, पण मागचं काहीच दिसून नाही राहिलं."

अशा वेळी पहिला संशय चिपवर जातो. पण चिप बहुतेकदा ठणठणीत असते. घोळ सेटिंगमध्ये असतो, कारण ते सगळं टेबलावर, लॅपटॉपच्या स्वच्छ यूएसबी पुरवठ्यावर ठरवलेलं असतं. वावरात शेतीपंपाची लाइन पाळीनं येते, मध्येच जाते, शेजारच्या विहिरीवरची मोटर उचलली की व्होल्टेज खाली बसतं. लिहिता लिहिता वीज जाणारच, हे धरून फाइल सिस्टीम लावली तरच ती हंगामभर टिकते.

माउंट झालं नाही की आपोआप फॉरमॅट

सगळ्यात जास्त नुकसान ही एक ओळ करते, म्हणून आधी तीच. आर्डुइनोमध्ये (बोर्डाचा कोड लिहायचं साधन) लिटलएफएस (लहान चिपसाठीची फाइल सिस्टीम) सुरू करताना 'बिगिन' या हुकमाला 'ट्रू' दिलं की माउंट न झाल्यास, म्हणजे फाइल सिस्टीम उघडता न आल्यास, पार्टिशन (फ्लॅशचा नोंदींसाठी राखलेला भाग) फॉरमॅट होतं, म्हणजे पुसून कोरं होतं. जवळपास प्रत्येक उदाहरणात ते तसंच असतं, कारण नव्या बोर्डावर पहिल्यांदा फॉरमॅट करावंच लागतं. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी) 'करप्टेड डिर पेअर' आणि पुढे कंसात शून्य-एक अशी ओळ दिसते. कोऱ्या बोर्डावर ती दिसली तर घाबरायचं कारण नाही, तिथे अजून फाइल सिस्टीमच नाही.

शेतात गोष्ट वेगळी. लाइन ये-जा करत असताना बोर्ड अर्धवट व्होल्टेजवर उठतो, फ्लॅशमधून चुकीचं वाचलं जातं, माउंट फसतं आणि कोड इमानदारीनं मृगापासूनच्या सगळ्या नोंदी पुसून टाकतो. पाच सेकंद थांबून पुन्हा वाचलं असतं तर सगळं जागेवर सापडलं असतं.

म्हणून शेतात जाणाऱ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या कोडमध्ये, 'फॉल्स' द्या. माउंट फसलं तर थांबा, व्होल्टेज मोजा, काही वेळा पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर नोंदी रॅममध्ये ठेवून सर्व्हरकडे पाठवत राहा आणि डब्यावरचा लाल दिवा लावा. फॉरमॅट फक्त माणसानं बटण दाबून धरल्यावरच व्हावं. पहिलं फॉरमॅट कारखान्यात करून एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमधला सेटिंग ठेवायचा वेगळा कोपरा) तशी खूण ठेवली की कोऱ्या बोर्डाचा प्रश्नही सुटतो.

ब्राउनआउटची पातळी तशीच ठेवणे

ईएसपी३२चा ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की ओळखणारा भाग) मूळ सेटिंगमध्ये साधारण २.४३ व्होल्टला बोर्ड रीसेट करतो. पण नेहमीच्या एसपीआय फ्लॅश चिपची, उदाहरणार्थ विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू३२जेव्हीची, किमान मर्यादा २.७ व्होल्ट आहे. म्हणजे २.७ ते २.४३ या पट्ट्यात प्रोसेसर लिहायचे हुकूम देत राहतो आणि फ्लॅश मात्र तिच्या हमीच्या बाहेर गेलेली असते. पातळी वाढवून २.७७ किंवा २.८० करा. रीसेट थोडे जास्त होतील, होऊ द्या.

वायफाय सुरू होताना करंट एकदम उसळतो, त्यामुळे आधी फ्लॅशवर लिहा, फाइल बंद करा आणि मगच वायफाय लावा. एक सेक्टर (फ्लॅशचा एका वेळी पुसला जाणारा तुकडा, फाइल सिस्टीमच्या भाषेत ब्लॉक) पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, पण डेटाशीटमध्ये कमाल ४०० दिलेत. तेवढा वेळ बोर्ड धरून ठेवायला लहान कपॅसिटर पुरत नाही. ५० मिलिअँपिअर करंट आणि १ व्होल्ट घट धरली तरी २०,००० मायक्रोफॅरड लागतात. त्यापेक्षा एक छोटी बॅटरी लावणं सोपं.

सिंकचा गैरसमज

लिटलएफएस वीज गेल्यावरही टिकते, हे खरं. आर्मच्या एमबेड प्रकल्पातून ती आली तीच या कामासाठी. जुन्या जागेवर न लिहिता नव्या ब्लॉकवर लिहायचं आणि शेवटी मेटाडेटा (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) बदलायचा, अशी तिची रीत आहे. पण ती ज्याची हमी देते ते शेवटच्या सिंकपर्यंतचं, म्हणजे लिहिलेलं फ्लॅशवर पक्कं उतरवण्यापर्यंतचं; फाइल बंद केली की ते होतं. सकाळी फाइल उघडली, दिवसभर लिहीत राहिलो, संध्याकाळी बंद करण्याआधी लाइन गेली, तर फाइल सकाळी होती तशीच मिळणार. शून्य बाइटची फाइल दिसली की आधी हेच तपासा.

उलट टोकही बरं नाही. प्रत्येक नोंदीला उघडा-लिहा-बंद केलं तर शेवटचा अर्धा भरलेला ब्लॉक दरवेळी नव्या जागी उतरवला जातो. १६ बाइटसाठी ४,०९६ बाइट पुसले जातात. ओलावा दहा मिनिटांनी मोजत असाल तर तासाभराच्या सहा नोंदी आरटीसी मेमरीत जमवा आणि एकदम लिहा. आरटीसी मेमरी डीप स्लीपमध्ये, म्हणजे बोर्ड वीज वाचवायला झोपलेला असताना, टिकते, पुरवठाच तुटला तर जाते. वरची छोटी बॅटरी इथेही उपयोगी पडते.

आणखी एक, फाइलच्या सुरुवातीला नोंदींची संख्या लिहून ती दरवेळी बदलू नका. लिटलएफएसमध्ये मोठ्या फाइलच्या शेवटी जोडणं स्वस्त, पण सुरुवातीचा बाइट बदलला की त्याच्या पुढचं सगळं पुन्हा लिहावं लागतं. संख्या हवीच असेल तर फाइलच्या आकाराला नोंदीच्या लांबीनं भागा.

झीज आणि जागा

एक सेक्टर साधारण १ लाख वेळा पुसता येतो. ईएसपी८२६६ या जुन्या चिपवर 'ईप्रॉम' लायब्ररी एकाच सेक्टरवर लिहिते. त्यात मिनिटाला एकदा 'कमिट' (पक्कं लिहायचा हुकूम) केलं तर १,००,००० भागिले १,४४०, म्हणजे ६९ दिवसांत तो सेक्टर मर्यादेला पोचतो. सोयाबीन काढणीला येण्याआधीच.

लिटलएफएस झीज वाटून घेते, पण फक्त मोकळ्या ब्लॉकवर. न बदलणाऱ्या जुन्या फाइलींना ती हलवत नाही. आर्डुइनोच्या नेहमीच्या ४ एमबी मांडणीत डेटा पार्टिशनला ३५२ ब्लॉक मिळतात. मिनिटाला एक नोंद, नोंदीमागे तीन ब्लॉक पुसले जातात असं धरलं, तर रिकाम्या पार्टिशनला वीसहून जास्त वर्षं मिळतात. तेच ९० टक्के भरलेलं असेल तर उरलेले ३५ ब्लॉक सव्वादोन वर्षांत झिजतात. चिप तीच, कोड तोच. म्हणून पाव भाग कायम मोकळा ठेवा आणि जुन्या फाइली कोडनंच काढा.

रोज नवी फाइल हा मोह टाळावा. दहा मिनिटांनी ३२ बाइटची नोंद म्हणजे दिवसाला ४,६०८ बाइट, एका ब्लॉकपेक्षा थोडी जास्त, त्यामुळे फाइल दोन ब्लॉक अडवते आणि ३५२ ब्लॉक सहा महिन्यांच्या आतच संपतात. नोंद मजकुराऐवजी १६ बाइटच्या बायनरीत ठेवली आणि महिन्याला एक फाइल केली तर महिन्याला १७-१८ ब्लॉक, वर्षाला साधारण २१०. मृगापासून पुढच्या मृगापर्यंत आरामात मावतं.

लिटलएफएसच्या 'ब्लॉक सायकल्स' या सेटिंगला उणे एक देऊ नका, त्यानं मेटाडेटाची झीज वाटणं बंद पडतं. १०० ते १,००० मधला आकडा ठीक. स्पिफ्स ही जुनी फाइल सिस्टीम नव्या कामात वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे: फोल्डर नाहीत, पार्टिशन पाऊण भरलं की भरवसा राहत नाही, वीज गेल्यावर तर नाहीच. फक्त लक्षात ठेवा की आर्डुइनोची लिटलएफएससुद्धा 'स्पिफ्स' याच नावाचं पार्टिशन शोधते. पार्टिशनच्या यादीत नाव बदललं आणि कोडमध्ये नाही, तर 'पार्टिशन सापडलं नाही' म्हणून अडते.

पार्टिशनची यादी डबा शेतात जाण्याआधीच पक्की करा. नेहमीचं ओटीए (बिनतारी होणारं) अपडेट ती बदलत नाही. आणि फाइल सिस्टीमची इमेज 'अपलोड' केली की पूर्ण पार्टिशन नव्यानं लिहिलं जातं, आतल्या नोंदींसकट.

पाऊस कमी दिसतोय?

हा दोष लोक पर्जन्यमापकात शोधतात. फ्लॅश लिहिताना आणि पुसताना ईएसपी३२ची कॅश (फ्लॅशमधला कोड प्रोसेसरपर्यंत पोचवणारी मेमरी) बंद असते, त्या वेळी फ्लॅशमध्ये बसलेला इंटरप्टचा, म्हणजे बाहेरून खूण आली की लगेच चालणारा, कोड चालत नाही. जोराच्या सरीत पर्जन्यमापकाच्या दोन टिपा (भांडं भरून उलटल्याच्या खुणा) त्या वेळात पडल्या तर एकच मोजली जाऊ शकते. इंटरप्ट आयरॅममध्ये (चिपच्या आतल्या मेमरीत) ठेवा आणि तसा नोंदवा, किंवा मोजणी सरळ चिपमधल्या पल्स काउंटरवर सोपवा.

डबा नेण्याआधी

पुरवठ्यात एक रिले टाका, तो दुसऱ्या बोर्डाकडून वेड्यावाकड्या अंतरानं तोडा-जोडायला लावा आणि रात्रभर चालू द्या. प्रत्येक नोंदीला सीआरसी (नोंद शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) असू द्या. सकाळी शेवटच्या सिंकच्या आधीची एकही नोंद फुटलेली निघाली तर डबा घरीच ठेवा.

आणि शेतातून परत आलेला डबा हातात आला की त्याला नवं फर्मवेअर टाकायची घाई नको. आधी ईएसपीटूलनं (बोर्डाची फ्लॅश वाचायचं-लिहायचं साधन) पूर्ण ४ एमबी वाचून लॅपटॉपवर प्रत काढा, मग त्या प्रतीवर हवे ते प्रयोग करा. माउंट होत नसलेल्या पार्टिशनमध्येही १६-१६ बाइटच्या नोंदी बहुतेक जशाच्या तशा पडलेल्या असतात, आणि सीआरसी असेल तर त्या एकेक करून वेचता येतात.