भोंगा वेगळाच वाजला? घाबरण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात दिवेलागणीला कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या आमच्या गावात भोंगा ऐकू आला. नेहमीचा नव्हे. जाडा, रडका आणि मध्येच दम तुटल्यासारखा. गळीत हंगाम कधीच संपला होता, त्यामुळे साखर कारखान्याच्या पाळीचा हा भोंगा नाही असं सगळ्यांनी धरलं. काकूंनी धान्याची पोती माळ्यावर चढवायला घेतली. नदीकाठच्या दोन घरांनी जनावरं सोडून रस्त्यावर आणली. सकाळी कळलं, एका कारखान्यात दुरुस्तीनंतर भोंग्याची चाचणी झाली होती आणि तेव्हा व्होल्टेज कमी होतं.

पहिली चूक तीच. आवाज भेसूर, म्हणून धोका मोठा असं होत नाही. जुन्या भोंग्यात मोटरीवर फिरणारी खाचांची चकती हवा कापत असते. मिनिटाला २,९०० फेरे आणि दहा खाचा असतील, तर हवा सेकंदाला सुमारे ४८० वेळा कापली जाते. तोच त्याचा सूर. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते आणि सूर खाली येतो. मध्येच लाईट गेली तर तो घसरत घसरत विझतो. दहा आणि बारा खाचांच्या दोन चकत्या असल्या तर दोन सूर एकदम निघतात, कानाला ते परकं वाटतं. नव्या इलेक्ट्रॉनिक सायरनचा एखादा कर्णा फाटला की तो नुसता खरखरतो. यातला एकही आवाज इशारा नव्हे, ती यंत्राची अवस्था आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक दुसरी: आवाजाचा जोर आणि सूर यांत गल्लत करणं. वारा फिरला की लांबच्या भोंग्याचा जोर कमी-जास्त होतो. कर्णा गोल फिरणारा असेल तरी तसंच होतं. पण सूर तोच राहतो. नागरी संरक्षणाच्या, म्हणजे हवाई हल्ल्यासारख्या धोक्याच्या इशाऱ्यात मात्र सूरच वर-खाली होतो. तो दोन मिनिटं चढत-उतरत राहिला तर धोका, दोन मिनिटं एकाच सुरात सरळ वाजला तर धोका टळला. ओळखायची साधी युक्ती सांगतो. भोंग्याबरोबर गुणगुणा. तुमचा सूर वर-खाली न्यावा लागला तर तो चढ-उताराचा इशारा. एकाच सुरावर गुणगुणता आलं तर तो सरळ भोंगा. घरातल्या पोरांना हे एकदा करून दाखवा, ती आपल्यापेक्षा लवकर पकडतात.

७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत कर्नाटकातली बेंगळुरू, कारवार आणि रायचूर ही नावं होती. आपल्याकडे बहुतेकांनी तो आवाज टीव्हीवरच ऐकला. बातम्यांत सायरन इतके वाजायला लागले की कार्यक्रमांत ते वापरू नका, असं सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. म्हणून आधी शेजारचा टीव्ही तर नाही ना, बघा. तारीखही बघा. ३० जानेवारीला सकाळी १०.५९ ला भोंगा वाजला तर ती हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची खूण असते. ११.०२ ला तो पुन्हा वाजतो.

आता पुराचं, इथं मला कळकळीनं सांगायचंय. धरणाचे दरवाजे उघडताना वाजणारा भोंगा धरणाखालच्या लगतच्या लोकांसाठी असतो. महाराष्ट्रातल्या कोयना किंवा काळम्मावाडी धरणाचा भोंगा आपल्याकडे चिकोडी-रायबागपर्यंत कसा ऐकू येणार? पाणी मात्र येतं. २०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं होतं. ‘भोंगा वाजला की निघू’ म्हणत थांबू नका. धरणातून सोडलेल्या पाण्याचे क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट) आकडे आणि रिक्षातून होणारा पुकारा ऐका. पुकारा बऱ्याचदा कन्नडमध्ये असतो. ‘नीरु’ हे पाणी, ‘एच्चरिके’ हा इशारा आणि ‘अपाय’ हा धोका, एवढे तीन शब्द आजीलाही पाठ असू द्यात.

रात्री हवा गार झाली की लांबचे भोंगे जवळ वाटतात. ओळख पटत नसेल तर नदीवर बघायला जाऊ नका आणि रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. ११२ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन करा. वेळ सांगा, किती मिनिटं वाजला ते सांगा, आणि सूर सरळ होता की चढ-उताराचा तेही सांगा.