घरात स्लॉट कारचा ट्रॅक लावायचाय? मग आधी जमीन बघा

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या हॉलमधला टीपॉय बाल्कनीत जातो आणि त्या जागी स्लॉट कारचा ट्रॅक येतो, चार वर्षं झाली असंच चाललंय. धाकटा दीर इंग्लंडला असतो, त्याने येताना मुलांसाठी स्केलेक्स्ट्रिक या ब्रँडचा स्लॉट कारचा सेट आणला तेव्हापासून. बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनी विचारलं की आम्हाला पण लावायचाय, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, ही रिमोटची गाडी नाही. ट्रॅकवर दोन लेन असतात, प्रत्येक लेनमध्ये एक खाच असते, तोच स्लॉट, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची एकेक बारीक पट्टी. गाडीच्या पोटाखाली पुढे एक छोटी पात असते, तिला गाइड म्हणतात, ती खाचेत बसते आणि तिच्या शेजारच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या ट्रॅकवर टेकतात, तिथून मोटरला करंट मिळतो. हातात ट्रिगर, जेवढा दाबाल तेवढा वेग. स्टिअरिंग नाही म्हणून लोकांना वाटतं यात काय विशेष, पण वळण यायच्या आधी ट्रिगर किती सोडायचा आणि कधी, हेच सगळं कसब आहे आणि ते सात वर्षाच्या मुलाला सत्तरीच्या आजीएवढंच नवीन असतं. म्हणून मला हा खेळ घरासाठी फार आवडतो. खेळ जुनाच आहे तसा, फ्रेड फ्रान्सिस यांच्या कंपनीच्या स्केलेक्स नावाच्या पत्र्याच्या, स्प्रिंगवर पळणाऱ्या गाड्या होत्या, त्यात त्यांनी इलेक्ट्रिक मोटर घातली आणि १९५७ मध्ये स्केलेक्स्ट्रिक आलं. जर्मनीचा असाच कॅरेरा ब्रँड १९६३ चा.

सेट घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे साइझ. १:३२ ची गाडी, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी, साधारण साडेतेरा-चौदा सेंटीमीटर भरते, हातात घ्यायला मस्त, पण वळणं मोठी लागतात. १:४३ ची दहाएक सेंटीमीटरची, टू बीएचकेच्या हॉलला ती जास्त सोयीची. वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रॅक सहसा एकमेकांना थेट जोडता येत नाहीत, तेव्हा जे घ्याल त्यातच पुढे वाढवत जा. आणि डिजिटल सेटच्या मोहात सुरुवातीलाच पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात एकाच लेनवर दोनतीन गाड्या पळतात, लेन बदलता येते, भारी आहे सगळं, पण आधी साध्या अॅनालॉगवर, म्हणजे एका लेनवर एकच गाडी, हात बसू दे.

दुसरी गोष्ट अॅडाप्टर, ही जास्त महत्त्वाची. इंग्लंड किंवा जर्मनीचा सेट असेल तर व्होल्टेजची अडचण नाही, तिकडे पण २३० व्होल्टच आहे, इंग्लंडचा तीन चौकोनी पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये जात नाही तेवढा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. पण कोणी अमेरिकेहून आणला असेल तर प्लग लावायच्या आधी अॅडाप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे १००-२४० असं असेल तर बिनधास्त लावा, नुसतं १२० असेल तर आपल्या लाइनवर तो जळणार म्हणजे जळणार.

आता जागा. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने गालिच्यावर लावला, मऊ आहे, मुलांना बसायला बरं म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या अडखळायला लागल्या. उलट्या करून बघितल्या तर मागच्या दांड्याला आणि गिअरला लोकरीचे धागे गुंडाळलेले. शिवाय मऊ जमिनीवर ट्रॅकचे तुकडे खालीवर होतात आणि जोड ढिले पडतात. सतरंजीचं पण तेच. सरळ लादीवर लावा, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे आठ बाय चारचं प्लायवूड. आम्ही दुसऱ्या वर्षी सुताराकडून ते मधोमध कापून बिजागऱ्या लावून घेतलं, घडी करून दिवाणाखाली जातं.

त्या आठ बाय चारवर काय बसतं त्याचा हिशोब सांगते, कारण दुकानात बसून तो कोणी करत नाही. स्केलेक्स्ट्रिकचा सरळ तुकडा ३५ सेंटीमीटरचा आणि नेहमीच्या वळणाचे आठ तुकडे जोडले की पूर्ण गोल होतो, त्याचा व्यास बाहेरच्या कडेपर्यंत साधारण ९० सेंटीमीटर. म्हणजे दोन टोकांना अर्धा अर्धा गोल आणि मध्ये दोन्ही बाजूंना चार चार सरळ तुकडे लावले तर लांबी २३० आणि रुंदी ९० होते, आणि प्लायवूड आहे २४४ बाय १२२. बरोब्बर बसतं. एक फेरी पाचेक मीटरची. कमी वाटतंय ना, पण गाडी ते अंतर काही सेकंदात कापते आणि बघणाऱ्याची मान दुखायला लागते. उरलेली रुंदी वाया नाही जात, वळणावर गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं, तिथे कडेला मोकळी जागा लागतेच. फळी उंचावर ठेवणार असाल तर बाहेरच्या बाजूला उशा लावा.

आणि इथेच एक गोष्ट आहे ज्यावरून आमच्याकडे खरीखुरी भांडणं झाली. साध्या अंडाकृती ट्रॅकवर आतली लेन छोटी असते. दोन खाचांमध्ये अंतर आठेक सेंटीमीटरचंच, पण पूर्ण फेरीत बाहेरच्या गाडीला जवळजवळ अर्धा मीटर जास्त पळावं लागतं, पाच मीटरात अर्धा मीटर म्हणजे दहा टक्के झाले की! आमचा धाकटा मुलगा रोज रडायचा की ताईच जिंकते, आणि आम्ही त्याला म्हणत राहिलो नीट चालव. एके दिवशी दोरी घेऊन मोजलं तेव्हा कळलं की तो बरोबर होता. सेटमध्ये पूल असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ट्रॅक लावा, त्यात डावी उजवी वळणं सारखी होतात आणि दोन्ही लेन सारख्या भरतात. पूल नसेल तर लेन बदलून खेळायचं, खाली सांगते कसं.

जोडताना प्रत्येक तुकडा सपाट जमिनीवर ठेवूनच सरकवा, हवेत धरून वाकवून जोडलं तर खटक्या तुटतात. सगळं जोडून झालं की बोट फिरवून बघा, कुठे पायरी लागत असेल तर तिथे गाडी उडणार. मग एक गाडी अगदी हळू फिरवा. दर फेरीला एकाच जागी अडखळत असेल तर गाडीचा दोष नाही, त्या जोडाला पट्ट्या नीट टेकत नाहीयेत, पॉवर बंद करून तुकडा काढून परत घट्ट बसवा. गाडी उलटी पळाली तर घाबरू नका, बहुतेक गाइड उलटं फिरलेलं असतं. पुढे कधी जास्तीचे तुकडे घेऊन ट्रॅक बराच लांब केलात आणि लांबच्या टोकाला गाडी मरगळायला लागली तर तिथपर्यंत करंट कमी पोचतोय असं समजा, त्यासाठी वेगळी वायर जोडायची सोय मिळते. ट्रॅकला हात लावला तर शॉक बसत नाही, व्होल्टेज अगदी कमी असतं, पण नाणं, हेअरपिन, स्टेपलरची पिन ट्रॅकवर पडू देऊ नका, शॉर्ट होतं आणि अॅडाप्टर तापतो. खेळ संपला की प्लग काढायचाच.

आता शर्यत. बहुतेक गाड्यांच्या पोटाखाली एक लोहचुंबक असतं, ते ट्रॅकच्या पट्ट्यांना ओढून धरतं त्यामुळे गाडी वळणावर चिकटून राहते. ते काढता येतं, काही गाड्यांत स्क्रू असतो, काहींत नुसतं खाचेत बसवलेलं असतं. चुंबक काढलं की गाडी अशी घसरते, अशी नाचते की खरं ड्रायव्हिंग करावं लागतं. आमचा नियम असा झालाय की सासूबाई आणि धाकट्याच्या गाडीला चुंबक, नवऱ्याच्या आणि माझ्या गाडीला नाही. त्यामुळे कोणाला मुद्दाम हरावं लागत नाही. मुलांना ते लगेच कळतं हो, बाबा मुद्दाम हरले की तोंड पडतं त्यांचं. फक्त काढलेलं चुंबक लगेच डबीत बंद करून वर ठेवा, घरात तान्हं असेल तर फार जपा, चुंबक गिळणं जिवावर बेततं.

फेऱ्या ठरवून शर्यत लावू नका, वेळ ठरवा. प्रत्येकाने दोन मिनिटं आतल्या लेनवर, दोन मिनिटं बाहेरच्या, दोन्हीच्या फेऱ्यांची बेरीज करायची. त्याने लेनचा अन्याय मिटतो, आणि गाडी दोनदा पडली म्हणून कोणी खेळातून बाद होत नाही. ज्यांची पाळी नाही त्यांनी वळणापाशी बसायचं आणि पडलेली गाडी खाचेत परत लावून द्यायची, हे काम मोठ्या माणसांनी पण करायचं, मुलांना तेव्हा फार बरं वाटतं. फेऱ्या मोजायला अॅप वगैरे आहेत पण आमच्याकडे चिंचोके आहेत. दोन वाट्या घ्यायच्या, गाडी समोरून गेली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. सासूबाईंचा एकही चिंचोका चुकत नाही आणि त्यांचा निकाल कोणी मोडत नाही.

सजावटीबद्दल, दिवाळीचा किल्ला करणारी मुलं असतील तर ती माती आणायला धावतील. माती, वाळू, आळिवाचं गवत यातलं काही ट्रॅकजवळ नको, खडा खाचेत गेला की गाइडची वाट लागते. पुठ्ठ्याचा स्टँड, बोगदा करू द्या. मावळ्यांना प्रेक्षक म्हणून बसवलंय आम्ही, छान दिसतात.

देखभालीला रोज पाच मिनिटं पुरतात. टायरला धूळ बसली की पकड जाते, चिकटपट्टी उलटी करून त्यावर चाक फिरवलं की टायर लख्ख. ट्रॅक कोरड्या सुती कापडाने पुसायचा, पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर खोडरबर फिरवायचं. तारेची घासणी अजिबात वापरू नका, तिचे बारीक कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. गाइडच्या तांब्याच्या पट्ट्या चपट्या झाल्या तर टोकं जराशी फुलवा, झिजल्या की नवीन मिळतात. दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, काडीने, टायरला न लावता.

पावसाळा आला की गुंडाळून ठेवा, दमट हवेत पट्ट्या गंजतात. तुकडे काढायच्या आधी मोबाइलवर वरून फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्याच्या खाली पेनाने नंबर टाका. नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या चारपाच तुकड्यांबरोबर टाकायच्या आणि झाकणाचा डबा वापरायचा. आमचा डबा पहिल्या पावसाला बंद होतो तो गणपती झाले की उघडतो, कारण सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत मामाकडची मुलं येतात आणि त्यांना येताक्षणी ट्रॅक लागतो.