टिटवीची घरटी मोजायला निघालेल्यांसाठी

सोलापुरात माळरानावरच्या पक्ष्यांवर प्रकल्प म्हटलं की सगळे नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे धावतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि परवानगीची वाट बघत उन्हाळा सरतो. त्यापेक्षा गावांची गायरानं, हिप्परगा तलावाचा काठ बघा. टिटव्या तिथेही आहेत. फिरायला येणारे, मोटरसायकलवाले, कॅमेरेवालेही आहेत, म्हणजे माणसांच्या वर्दळीने घरटी मोडतात का, तेही तपासता येईल.

आता खरा घोळ. वाटेलगतच्या किती घरट्यांतून पिल्लं निघाली, आतल्या किती, टक्केवारी काढली, फरक योगायोगाचा आहे का ते बघायला काय-स्क्वेअर चाचणी लावली, झालं? अजिबात नाही. वाटेवरून आपली रोजची ये-जा, त्यामुळे तिथलं घरटं टिटवी उबवायला बसल्यावर तिसऱ्या दिवशीच दिसतं. आत दगडगोट्यांतलं चोविसाव्या दिवशी. उबवणीचे दिवस साधारण २८ धरा. पहिल्याला तुमच्या नजरेखाली २५ दिवस तग धरायचाय, दुसऱ्याला चारच. शिवाय आतली जी आधीच मोडली, ती तुमच्या वहीत आलीच नाहीत. मग टक्केवारीत आतली जागा सुरक्षित ठरते आणि खापर फुटतं सकाळी फिरणाऱ्या काकांच्या डोक्यावर. त्यांचा त्रास खरोखर होतही असेल, पण या आकड्यावरून ते कळत नाही.

हॅरॉल्ड मेफिल्ड या पक्षी अभ्यासकाने १९६१ मध्ये यावर साधी युक्ती दिली: घरट्यांऐवजी घरट्यांचे दिवस मोजा. मोडलेली घरटी भागिले नजरेखालचे एकूण दिवस, हा रोजचा नाशाचा दर; एकातून तो वजा केला की रोज टिकण्याचा दर. दोन फेऱ्यांच्या मध्ये घरटं गेलं तर मधले निम्मे दिवस धरायचे. रोज टिकण्याचा दर एकीकडे ०.९७, दुसरीकडे ०.९५, फरक किरकोळ वाटतो ना? २८ दिवसांत त्याचे ४३ आणि २४ टक्के होतात. वाटेपासूनचं अंतर, गवताची उंची एकत्र तपासायची तर शॅफर या संशोधकाची २००४ ची लॉजिस्टिक एक्स्पोजर ही सांख्यिकी पद्धत आहे. घाबरू नका, आठवडाभर डोकं खाईल, मग जमेल. सीनियरची संगणकावरची तयार स्क्रिप्ट मात्र जशीच्या तशी उचलू नका. आणि तारखांची वही न उघडता ‘पी किती आला?’ (पी म्हणजे चाचणीतून निघणारा, फरक योगायोगाचा असू शकतो का हे सांगणारा आकडा) विचारणाऱ्या मार्गदर्शकाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मे महिन्यात टिटवीला दुपारी उठवलंत तर अंडी उन्हात भाजतात. सकाळी जा, दुर्बिणीतून लांबूनच बघा, वाटेवर आणि आत सारख्याच दिवसांच्या अंतराने फेऱ्या घाला. टिटवीच्या लेखी तुम्हीही फिरायला आलेलं माणूसच, तेव्हा स्वतःच्या प्रत्येक फेरीचीही नोंद त्याच तक्त्यात हवी.