पाऊस लागण्याआधी पागेला फळ्या मारताना

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणणाऱ्यांची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. थंडीत आणि उन्हाळ्यात जनावर चार खांब आणि पत्र्याच्या छपराखाली सुखाने राहतं. मृग लागला आणि वाऱ्याने पाऊस आडवा आत फेकायला सुरुवात केली, की गवत भिजतं, खालची लीद चिकचिकीत होते आणि खूर तळाशी कुजू लागतात. मग घाईघाईने चारी बाजूंनी ताडपत्री बांधली जाते. त्याने ओल आतच कोंडते आणि जनावर खोकायला लागतं. घरच्या घरी बांधलेल्या पागेला लाकडी फळ्यांची भिंत करायची असेल तर होळी ते अक्षय्य तृतीया हाच काळ योग्य. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या घोडेवाल्यांसाठी, आणि शेतावर एक-दोन घोडी पाळणाऱ्यांसाठी हा सल्ला आहे.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे लाकूड भिजणारच. भिजल्यावर ते किती लवकर सुकतं, यावर भिंतीचं आयुष्य ठरतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. तेव्हा पुढचं प्रत्येक काम, मग ते जोतं असो, खिळा असो की तेल, एकच प्रश्न विचारून करा: इथे आलेलं पाणी बाहेर कसं जाईल आणि वारा कुठून लागेल?

चारी भिंती पूर्ण बंद करू नका. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, म्हणून त्या दोन बाजूंना फळ्या वरपर्यंत न्या. तिथेही वळचणीखाली फूट-दीड फूट जागा मोकळी ठेवा. पूर्वेला आणि उत्तरेला छातीइतकी भिंत पुरते. घोड्याच्या मुतातून निघणारा अमोनिया उबदार हवेबरोबर वर चढतो आणि वळचणीतूनच बाहेर पडतो. ती वाट बंद झाली की शिंगराच्या फुप्फुसांना सगळ्यात आधी त्रास होतो. पश्चिमेच्या बाजूला छप्पर भिंतीबाहेर निदान तीन फूट काढा. इतकं पुढे आलेलं छप्पर कोणत्याही महागड्या रंगापेक्षा भिंतीला जास्त वाचवतं. वादळाच्या दृष्टीनेही वाऱ्याकडची बाजू बंद आणि आडोशाची उघडी असलेली बरी, कारण वाऱ्याच्या तोंडाला उघड्या पागेत हवा शिरून छपराला आतून वर ढकलते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात किती घरांचे पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. बाहेर काढलेला पत्रा वारा आधी धरतो, म्हणून ती कड जे-बोल्टने वाशांना पक्की आवळा.

आता जोतं. घरच्या बांधकामात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. जांभ्याचं किंवा काळ्या दगडाचं दीड फूट जोतं हवं, कारण पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून मातीसकट फूटभर सहज उडतं. पण नुसती उंची पुरेशी नाही. बरेचदा जोतं भिंतीपेक्षा दोन-तीन इंच बाहेर राहतं आणि सगळ्यात खालची फळी त्या कट्ट्यावर टेकते. भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी त्या कट्ट्यावर थांबतं आणि फळी खालून ते पीत राहते. दोन पावसाळ्यांत तिथे बोट रुततं. फळ्यांचा बाहेरचा चेहरा जोत्याच्या चेहऱ्यापेक्षा थोडा पुढे असावा. खालची फळी जोत्याच्या वरच्या कडेखाली इंचभर उतरावी आणि तिच्या मागे अर्धा इंच फट राहावी. म्हणजे थेंब बाहेरच गळतो. कट्टा आधीच बाहेर आला असेल तर त्यावर सिमेंटचा बाहेरच्या बाजूला उतार करून घ्या आणि फळी त्यापासून दोन इंच वर थांबवा. खांबही मातीत पुरू नका. ते दगडी किंवा काँक्रीटच्या उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीवर, लोखंडी पट्टीने उभे करा.

लाकूड निवडताना जुन्या वाड्यांच्या आणि घरांच्या मोडीतून निघालेलं सागवान मिळालं तर ते पहिलं घ्या. ते सुकलेलं असतं आणि फारसं वाकत नाही. फक्त जुने खिळे एकूणएक उपटून घ्या. नवं घ्यायचं तर सागाचा, ऐनाचा, किंजळीचा किंवा फणसाचा गाभा. त्याच्या बाहेरचा फिका भाग सागाचा असला तरी टिकत नाही, त्याला कीडही लागते आणि बुरशीही. तो कापून काढायला सांगा किंवा तशा फळ्या आतल्या कोरड्या कामाला वापरा. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण उघड्यावर लवकर जाते. कोकणात सध्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फळ्या भरपूर मिळतात. त्या मजबूत असतात, पण ओल्या मारल्या तर पिळवटतात. कारखान्यातल्या खोक्यांच्या पाइनच्या पट्ट्या बाहेरच्या भिंतीला वापरू नका. त्यांवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्यांना मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. अशा पट्ट्या पागेत आणूच नयेत.

स्वतःच्या बांधावरचं झाड तोडणार असाल तर आधी परवानगी. सागासह अनेक झाडांना महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे, आणि लाकूड गिरणीपर्यंत नेण्याआधी वाहतुकीचा परवाना लागतो का, तेही वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे नवी पाग उभारण्याआधी नगरपरिषदेत विचारणा करा. माथेरानकरांनी फळ्या सहा ते आठ फुटांच्याच कापून आणाव्यात, कारण दस्तुरीपासून, म्हणजे मोटारी थांबतात त्या नाक्यापासून, वर सामान हातगाडीवर किंवा घोड्यावर जायचं आहे.

गिरणीतून आलेली फळी लगेच मारू नका. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, दर दोन फुटांवर आडव्या पट्ट्या ठेवून थर रचा आणि वर पत्रा टाका. टोकांना जाडसर रंग फासा. फळीचं टोक तिच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी सोडतं आणि पितंही, म्हणून चिरा टोकापासून सुरू होतात. ओल मोजायचं यंत्र नसेल तर ताजव्याने काम भागतं. थराच्या मधली एक फळी खूण करून ठेवा आणि दर आठवड्याला तिचं वजन करा. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड तुमच्या हवेला आलं. यंदा त्याला वेळ उरला नसेल तर जुन्या लाकडाने फक्त पश्चिमेची भिंत करा, बाकी पुढच्या वर्षी. या एका पावसाळ्यापुरत्या गवताच्या झड्या, म्हणजे गवताचे पडदे, बांधल्या तरी चालतं. डोंगरी गावांत ही जुनी रीत आहे आणि तिच्यातून हवा खेळते.

हिशेब असा करा. बारा फूट लांब आणि आठ फूट उंच भिंतीला सहा इंची फळी आडवी मारायची. वरची फळी खालच्या फळीवर सव्वा इंच चढली की प्रत्येक फळी पावणेपाच इंच दिसते. आठ फुटांचे ९६ इंच भागिले पावणेपाच, म्हणजे २१ फळ्या. एक इंच जाडीच्या या फळ्यांना साडेदहा घनफूट लाकूड लागतं. त्यावर दहा टक्के तुटीचे धरा. सर्वांत खालच्या फळीच्या मागे तळाशी एक पट्टी मारून घ्या, म्हणजे तीही वरच्या फळ्यांइतकीच तिरपी बसते.

एप्रिलमध्ये लाकूड कोरडं असतं, तेव्हा पावसाळ्यात ते फुगायला जागा ठेवलीच पाहिजे. सहा इंची सागाची फळी साधारण दोन मिलिमीटर फुगते, हलक्या जातीची याहून जास्त. म्हणून प्रत्येक फळीला प्रत्येक खांबावर एकच खिळा मारा, तोही खालच्या कडेपासून दीड इंचावर, म्हणजे तो मागे दडलेल्या खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या जरा वरून जाईल. एकच खिळा दोन्ही फळ्यांतून आरपार नेला तर पावसाळ्यात फळी फुगते, तिला सरकायला वाव नसतो आणि ती लांबीच्या दिशेने चिरते. सुतार हे पटकन ऐकत नाहीत, कारण दोन फळ्यांतून मारलेला खिळा हाताला घट्ट लागतो. त्यांच्याजवळ उभं राहून पहिल्या दोन ओळी करून घ्या. टोकांजवळ आधी गिरमिटाने भोक पाडा. दोन फळ्यांचा सांधा नेहमी खांबावर यावा, आणि एकावर एक ओळींचे सांधे एका रेषेत नसावेत.

खिळे जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. साधा खिळा गंजून सागावर काळे ओघळ सोडतो आणि आजूबाजूचं लाकूड खातो. पितळेचे स्क्रू आणि बिजागऱ्या दिसायला छान असल्या तरी पागेत नकोत, कारण अमोनियाने पितळ तडकतं. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात याचा चांगलाच अनुभव आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप चिरत, आणि त्याला घोड्यांच्या मुतातला अमोनिया कारणीभूत आहे हे १९२१मध्ये उलगडलं.

बाहेरच्या फळीने पाऊस अडवायचा आहे. लाथ सोसणं तिचं काम नाही. घोडं मागची लाथ मारतं तेव्हा एक इंची फळी खिळ्यांसकट बाहेर निघते, आणि त्या भगदाडात अडकलेला पाय मोडू शकतो. म्हणून आतून साडेचार फूट उंचीपर्यंत दोन इंच जाडीच्या कठीण लाकडाच्या लाथफळ्या वेगळ्या लावा, आणि त्या खांबांच्या आतल्या अंगाला बसवा. मग लाथेचा दणका फळीला खांबावरच दाबतो, उचकटत नाही. दोन भिंतींमध्ये जी पोकळी राहते तिनेच बाहेरची फळी मागून सुकते, म्हणून ती भुसा किंवा गवताने भरू नका. खाली-वर बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतात. आतल्या बाजूला एकही खिळ्याचं टोक बाहेर राहू देऊ नका. भिंतीवरून उघडा हात सावकाश फिरवून तपासा. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि बहुतेकदा जीव घेतो. काम चालू असताना जनावर दूर बांधा, संध्याकाळी जमिनीवरून लोहचुंबक फिरवा, आणि काम सुरू करण्याआधी पशुवैद्यकांकडून धनुर्वाताची लस झाली आहे ना, याची खात्री करा.

तेल लावण्याबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे: गावोगाव लाकडाला जळकं ऑइल फासतात, ते पागेत फासू नका. घोडी फळ्या चावतात, चाटतात, पावसाळ्यात नुसती उभी राहून कंटाळली की जास्तच. जळक्या ऑइलमधले जड धातू थेट पोटात जातात. डांबर, क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) आणि आर्सेनिकचं मिश्रण दाबून भरलेलं लाकूडही जनावराच्या तोंडापाशी नको. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात होड्यांना लावतात, ते टिकाऊ आहे, पण कातडी भाजतं. वापरायचंच तर फक्त बाहेरून, जनावराचं तोंड पोचणार नाही तिथे, आणि हातमोजे घालून. बाहेरच्या फळ्यांना मी बेलतेलच, म्हणजे रंगाऱ्यांचं जवसाचं तेल, सुचवेन. फळी मारण्याआधी चारी अंगांना आणि टोकांना दोन हात द्या, कारण मागची बाजू नंतर कधीच हाताशी येत नाही. इनॅमलचा चकचकीत थर टाळा. त्याला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि तो थरच ते सुकू देत नाही.

बेलतेलाच्या चिंध्यांची काळजी मात्र घ्याच. गोळा करून टाकलेली तेलकट चिंधी आपोआप तापते आणि पेट घेते, ठिणगीही लागत नाही. शेजारी वाळलं गवत असेल तर काय होईल ते सांगायला नको. चिंध्या कामाच्या जागेपासून दूर, एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

वाळवीसाठी औषधापेक्षा नजर कामाला येते. जोत्यावर मातीच्या बारीक नळ्या चढताना दिसल्या की लगेच खरवडा. जोत्याच्या बाजूच्या मातीत औषध ओतायचं असेल तर घोडं दुसरीकडे हलवून, जाणत्या माणसाकडून, आणि विहिरीपासून दूर. लीद आणि गवताचा ढीग भिंतीला टेकवू नका. त्यातून वाळवीला सावली, ओल आणि वर चढायला जिना मिळतो.

पहिला जोराचा पाऊस सुरू असताना विजेरी घेऊन आत जा. जिथे पाणी झिरपताना दिसेल तिथे खडूने खूण करा. उघडीप मिळून वारा सुटला की दुसऱ्या दिवशी त्याच खुणांवर हात ठेवून पाहा. सुकलेल्या खुणांची चिंता नको. जी जागा अजून ओली आणि थंड लागते तिथे मागे काहीतरी वारा अडवतंय: जाळीत अडकलेला कचरा, पोकळीत पडलेला भुसा किंवा जोत्यावर साठलेला चिखल. तेवढं काढून टाका आणि दसऱ्यानंतर, लाकूड पुन्हा सुकलं की, त्या फळ्यांना तेलाचा आणखी एक हात द्या.